शाहीर साबळे: गाण्याआड झाकला गेलेला नट

मेणवलीकर

वाईहून पाचगणीकडे जाताना घाट सुरू होण्याआधी पसरणी लागते. घाटाला नावही याच गावाचे आहे. महाबळेश्वरच्या ओढीने निघालेले पर्यटक तेथे थांबत नाहीत आणि थांबावे असे त्यांना कोणी सांगतही नाही. या गावात ३ सप्टेंबर १९२३ रोजी कृष्णराव गणपतराव साबळे यांचा जन्म झाला. पुढे सगळा महाराष्ट्र त्यांना शाहीर साबळे म्हणून ओळखू लागला आणि कृष्णराव हे नाव कागदोपत्रीच उरले.

धागा काढायला निमित्त अगदी किरकोळ आहे. माझी भाची चौथीत शिकते. तिच्या वहीत 'राज्यगीताचे कवी कोण?' या प्रश्नापुढे 'शाहीर साबळे' असे उत्तर लिहिलेले होते आणि त्यावर लाल शाईने बरोबरची खूण केलेली होती. उत्तर चूक आहे. 'जय जय महाराष्ट्र माझा' हे गीत राजा बढे यांनी लिहिले, श्रीनिवास खळे यांनी त्याला चाल लावली आणि साबळ्यांनी ते गायले. १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते राज्यगीत म्हणून अंगीकारले गेले, तेव्हापासून तर ही चूक घरोघर पोचली आहे. यात बढे आणि खळे यांच्यावर अन्याय होतो हे उघड आहे. माझे म्हणणे असे की साबळ्यांवरही होतो, आणि तो कमी नाही. ज्या माणसाने आयुष्यभर स्वतः गाणी रचली, मुक्तनाट्ये लिहिली, ती बसवली आणि त्यांत सोंग घेऊन उभा राहिला, त्याच्या नावावर दुसऱ्याने लिहिलेले एक गाणे टाकून आपण मोकळे झालो आहोत.

चरित्र थोडक्यात सांगतो, कारण त्यांचे नातू केदार शिंदे यांनी काढलेल्या 'महाराष्ट्र शाहीर' या २०२३ सालच्या चित्रपटामुळे ते बहुतेकांना माहीत झाले आहे. घरी वारकरी वळण, त्यामुळे भजन कानावर जन्मापासूनच. लहानपणी शिक्षणासाठी त्यांना खानदेशात अंमळनेरला आजोळी पाठवले. तेथे शिक्षण फार पुढे गेले नाही, पण साने गुरुजी भेटले आणि गळ्याला काम मिळाले. १९४२ च्या आंदोलनापासून संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापर्यंत ते गातच राहिले. पसरणीच्या भैरवनाथ मंदिरात दलितांना प्रवेश मिळावा यासाठी ते पुढे झाले आणि त्या प्रसंगाला साने गुरुजी, सेनापती बापट यांच्यासारखी माणसे आमच्या या घाटपायथ्याच्या गावी आली. पोटासाठी मुंबई गाठली, गिरणीत नोकरी केली, ती टिकली नाही. प्रतिसरकारच्या काळात सातारा भाग पोवाड्यांनी पेटवणारे शाहीर शंकरराव निकम यांना ते गुरुस्थानी मानत. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला, १९९८ साली पद्मश्री मिळाली, आणि २० मार्च २०१५ रोजी ते गेले. 'माझा पवाडा' हे त्यांचे आत्मचरित्र आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

आता मूळ मुद्दा. तमाशाचा साचा आपण सगळे जाणतो: आधी गण म्हणजे देवाला वंदन, मग गवळण, मग बतावणी म्हणजे हजरजबाबी विनोदी संवाद, आणि शेवटी वग म्हणजे कथानाट्य. वगात राजा असतो, प्रधान असतो, आणि दोघांच्या मध्ये येऊन दोघांची टोपी उडवणारा सोंगाड्या असतो. साबळ्यांनी हा साचा तसाच उचलला, पण नाचणाऱ्या बाईभोवती फिरणारा भाग मागे सारून सोंगाड्याला मध्यावर आणले आणि राजाच्या जागी आजचा कारभार बसवला. या प्रकाराला त्यांनी मुक्तनाट्य म्हटले. १९६० सालचे 'यमराज्यात एक रात्र' आणि १९६६ चे 'आंधळं दळतंय' ही त्यांतली सर्वांत गाजलेली. 'असुनी खास मालक घरचा', 'कोंडू हवालदार', 'आबुराव-बाबुराव' ही आणखी काही. राजा मायेकर आणि सुहास भालेकर यांच्यासारखे विनोदाची उत्तम जाण असलेले नट 'शाहीर साबळे आणि पार्टी'त त्यांच्याबरोबर उभे राहिले. असे असूनही साबळे म्हटले की आपल्याला आवाज आठवतो, चेहरा आठवत नाही. असे का झाले असावे, यावर जाणकारांनी लिहावे. आठवणी असतील तर त्याही द्याव्यात.

---

डफतुणतुणे

मेणवलीकर, 'असे का झाले' याचे माझ्यापुरते उत्तर देतो. मी कऱ्हाडजवळच्या एका पथकात पंधरा वर्षे झील धरत होतो, म्हणजे शाहिरामागे उभा राहून सूर धरत होतो, त्यामुळे हे मागच्या रांगेतून पाहिलेले आहे.

पोवाड्याला उभे राहण्याआधी डफ शेकावा लागतो. हिवाळ्यात दहिवराने कातडे सैल पडते आणि थाप घुमत नाही. आमच्याकडे उसाचे पाचट भरपूर, त्याचाच जाळ करायचा, डफ त्यावर आडवा धरून सावकाश फिरवायचा आणि मधून मधून बोटाने टिचकी मारून पाहायचे. आवाज 'ढप्प' असा येत होता तो 'टण्ण' आला की उचलायचा. एक क्षण जास्त झाला तर कातडे तडकते. हे शेकणे चालू असतानाच लोक गोळा होऊ लागतात, म्हणजे खेळ खरे तर तेथेच सुरू होतो. नंतर शाहीर एक चौक म्हणतो आणि आम्ही मागून 'जी जी रं जी' धरतो. ऐकणाऱ्याला वाटते की ही केवळ साथ आहे. वास्तविक तेवढ्या वेळात शाहीर दम घेतो, समोरच्या गर्दीवर नजर फिरवतो, कोण हसले, कोणाची मान वळली, पुढारी कोठे बसला आहे हे टिपतो, आणि पुढच्या चौकात किंवा गद्यात कोणाला चिमटा काढायचा ते ठरवतो. शाहिराचा अभिनय या फटीत असतो.

आता असे पाहा की जुन्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. पोवाडा तासभराचा, मुक्तनाट्य तीन तासांचे. तबकडीवर काय उतरणार? ती फट तर मुळीच उतरणार नाही, कारण ध्वनिमुद्रणाच्या खोलीत समोर गर्दीच नसते. उतरला तो गळा. नाथांचे विंचवाचे भारूड साबळ्यांच्या आवाजात ऐकताना मला नेहमी जाणवते की हा माणूस गात नसून विव्हळण्याचे सोंग करीत आहे, आणि ते सोंग इतके पक्के आहे की ऐकणाराही पाय वर घेऊन बसतो. आवाजातून एवढे दिसते, तर समोर उभा असताना काय दिसत असेल, याची कल्पना करावी.

---

वाळव्याचा पाव्हणा

विषय चांगला आहे, पण सातारकरांची जुनी खोड पुन्हा दिसली म्हणून लिहितो. गाणे रचणारा आणि स्वतः बोर्डावर उभा राहणारा माणूस म्हटल्यावर आमच्या वाळवे तालुक्याला वगळून कसे चालेल? रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पठ्ठे बापूराव, यांचा जन्म ११ नोव्हेंबर १८६६ चा. कुलकर्णपणाच्या घरातला मुलगा सोवळे सोडून फडात शिरला, नर्तकी पवळाबाईंबरोबर त्याने सगळा मुलूख गाजवला, शाहू छत्रपतींसमोर मिठाराणीचा वग केला, आणि २२ डिसेंबर १९४५ रोजी पुण्यात हलाखीत मेला. (त्या काळी रेठरे हरणाक्ष सातारा जिल्ह्यातच होते हे मला कोणी ऐकवण्याआधी मीच कबूल करतो. दक्षिण सातारा १९४९ मध्ये वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचे नाव सांगली झाले.) आमच्याच वाटेगावच्या अण्णा भाऊ साठ्यांनी १९४४ पासून लाल बावटा कलापथकातून तमाशाला लोकनाट्याचे रूप दिले, आणि गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला आणि हुतात्म्यांना वंदन घातले. तेव्हा साबळ्यांनी जे केले त्याची पेरणी आधीच झालेली होती.

दुसरे म्हणणे थोडे कडवट आहे. आपण लिहिता की 'नाचणाऱ्या बाईभोवती फिरणारा भाग मागे सारला'. हे वाक्य सहज लिहिले गेले आहे, पण त्या भागाबरोबर माणसेही मागे सरली. पवळा हिवरगावची महाराची मुलगी होती. तमाशा ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जिवंत ठेवला ते कोल्हाटी, महार, मांग समाजातील कलावंत कनातीतच राहिले, आणि त्यांचा साचा घेऊन तयार झालेले लोकनाट्य मात्र पंख्याखालच्या नाट्यगृहात गेले. यासाठी मी एकट्या साबळ्यांना दोष देत नाही. स्वातंत्र्य मिळताच तमाशावर अश्लीलतेचा शिक्का मारून सरकारनेच बंदी घातली होती, आणि उठवली तीही अटी घालून. अशा हवेत जगायचे तर अंग चोरूनच जगावे लागणार. तरीही हिशेब पूर्ण मांडायचा तर ही बाजू लिहिली गेली पाहिजे.

---

मेणवलीकर

पाव्हणे, आपले दोन्ही मुद्दे मान्य. पहिला तर आनंदाने मान्य, कारण साबळ्यांचे गुरू प्रतिसरकारच्या मातीतले आणि ती माती तुमची-आमची एकच. दुसऱ्या मुद्द्यात एवढीच भर घालतो की साबळ्यांच्या घडणीत फडापेक्षा साने गुरुजींचा वाटा मोठा आहे. ते फडातून बाहेर पडलेले तमासगीर नव्हेत, तर भजनातून आणि आंदोलनातून तमाशाकडे आलेले शाहीर आहेत. बापूराव तमाशात शिरले ते तमाशाचेच होऊन गेले. साबळे तमाशाकडे एक हत्यार म्हणून पाहत राहिले. म्हणून त्यांना तो निवडून, झाडून-पुसून घेता आला. आणि आपण म्हणता तो तोटाही त्यामुळेच झाला असावा.

---

परळचा जावळीकर

माझे आईवडील जावळी तालुक्यातले. वडील गिरणीत साचेकाम करीत आणि एका खोलीत गावची अकरा माणसे पाळीपाळीने झोपत. एक पाळी कामाला गेली की दुसरीची वळकटी उलगडायची. आमच्या चाळीत वाई, जावळी, पाटणची माणसे एका टोकाला आणि कोकणातली दुसऱ्या टोकाला. इकडे भजन, तिकडे नमन-खेळे. साबळ्यांचा प्रेक्षक कोण, हे सांगण्यासाठी एवढे पुरे आहे. तो गाव सोडून आलेला माणूस होता, गावचे गाणे त्याच्या कानात होते, पण त्याची भांडणे मुंबईची होती: खोली, रेशन, नोकरी, साहेब. वग राजा-राणीचा असता तर त्याने तो जत्रेत पाहिलाच असता. त्याला स्वतःच्या मुकादमावर हसायचे होते.

मेणवलीकरांनी 'आंधळं दळतंय'चे नाव नुसते यादीत घातले आहे. मला वाटते साबळ्यांच्या लिखाणाची नस त्या नावातच सापडते. म्हण आपल्याला पूर्ण पाठ आहे: आंधळं दळतंय अन् कुत्रं पीठ खातंय. साबळ्यांनी अर्धीच छापली. राहिलेली अर्धी जाहिरात वाचणाऱ्याने मनात पुरी करायची, आणि कुत्रे कोण हे ज्याचे त्याने ठरवायचे. मुंबईत राबणारा मराठी माणूस दळतो आहे आणि पिठाचा हिशेब त्याच्यापर्यंत येत नाही, ही तक्रार तेव्हा आमच्या चाळीच्या प्रत्येक जिन्यात होती. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली आणि त्याच वर्षीच्या या मुक्तनाट्याचे नाव तिच्याबरोबर कायमचे जोडले गेले. त्यामुळे पुढे झाले असे की काही जण ते राजकारणासाठी डोक्यावर घेतात, काही जण त्याच राजकारणासाठी बाजूला ठेवतात, आणि त्यातली बतावणी कशी रचली आहे हे दोघांपैकी कोणी पाहत नाही.

वडील ते पाहून आले तेव्हा मी लहान होतो. त्यांनी घरी येऊन गाणे म्हणून दाखवले नाही. त्यांनी हवालदाराची नक्कल करून दाखवली, आणि आई भाकरी थापता थापता इतकी हसली की तव्यावरची करपली. गळा आठवतो, चेहरा आठवत नाही, असे आपण म्हणता. आमच्या घरी उलट होते.

---

प्राथमिक शिक्षिका, सातारा

मी वेगळ्या बाजूने लिहिते. माझ्या पिढीला साबळे भेटले ते 'महाराष्ट्राची लोकधारा'मधून. वासुदेव, गोंधळ, जागरण, भारूड, कोळीनृत्य असे सगळे एका संध्याकाळी एका रंगमंचावर पाहायला मिळाले, आणि त्यातून अंकुश चौधरी, भरत जाधव, केदार शिंदे यांच्यासारखी मंडळी घडली, हे सर्वज्ञात आहे.

पण स्नेहसंमेलने बसवून बसवून मला त्या प्रकाराची थोडी धास्ती वाटू लागली आहे. गोंधळ रात्रभर चालतो. संबळ, तुणतुणे आणि दिवटी घेऊन गोंधळी आधी सगळ्या देवदेवतांना एकेक नाव घेऊन बोलावतो, मग आख्यान लावतो, आणि आरती होईस्तोवर कोंबडा आरवतो. जागरणात लंगर, म्हणजे खंडोबापुढची लोखंडी साखळी, तुटेपर्यंत घरातली माणसे डोळ्याला डोळा लावत नाहीत. वासुदेव तर पहाटेचाच; तो रात्री साडेनऊला टाळ्यांच्या कडकडाटात आला की कशाचा काय राहिला? रंगमंचावर प्रत्येकाला पाच-सात मिनिटे मिळतात आणि पुढच्या नाचाचे कपडे विंगेत तयार असतात. साबळ्यांना मूळ प्रकार अंगचे माहीत होते, म्हणून त्यांच्या पाच मिनिटांत रात्रभराचा अर्क तरी होता. आमच्या शाळांनी त्या पाच मिनिटांची नक्कल उचलली. आता जिल्ह्यातल्या कोणत्याही संमेलनात मोरपिसांची पुठ्ठ्याची टोपी घातलेला वासुदेव ध्वनिफितीवर ओठ हलवताना दिसतो. परीक्षक म्हणून बसले असता एका मुलाला मी विचारले की वासुदेव काय मागतो. तो म्हणाला, बक्षीस.

वहीतल्या लाल खुणेबद्दल मात्र आम्हा शिक्षकांच्या वतीने दिलगीर आहे.

---

डफतुणतुणे

बाई, अर्क काढायचा म्हटला की चोथा टाकावाच लागतो, आणि कोणीतरी काढला नसता तर मुंबईच्या मुलांना संबळ नुसता चित्रातच दिसला असता. तरी आपले शेवटचे उदाहरण ऐकून गप्प बसलो.

---

वाळव्याचा पाव्हणा

जावळीकरांनी नावाबद्दल लिहिलेले पटले. अर्धे बोलून उरलेले प्रेक्षकाच्या तोंडून काढणे ही अस्सल सोंगाड्याची रीत आहे. आमच्याकडे यात्रेच्या फडात सोंगाड्या एखाद्या म्हणीच्या मध्यावर थांबतो, हात कानामागे नेतो, आणि कनातीतून शंभर तोंडांनी उरलेली म्हण येते. नाटककार मंडळींना हे जमत नाही, कारण त्यांचे वाक्य आधीच पुरे झालेले असते. सांगलीत रंगभूमी म्हटली की विष्णुदास भावे, देवल, खाडिलकर ही नावे येतात आणि दर ५ नोव्हेंबरला, रंगभूमी दिनी, आम्ही ती अभिमानाने घेतो. पण त्याच जिल्ह्यातला कनातीचा रंगमंच त्या भाषणांत येत नाही. साबळ्यांना नाट्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले तेव्हा निदान एकदा तरी कनातीकडची रीत त्या व्यासपीठावर चढली, एवढे त्यांचे ऋण मी मानतो. वरच्या कडवटपणातून तेवढे वजा करावे.

---

मेणवलीकर

सर्वांचे आभार. मी विचारले होते त्याचे उत्तर मला मिळाले असे वाटते. बतावणी कागदावर पूर्ण नसते. छापील संहितेत दोन ओळी असतात आणि बोर्डावर त्यांची वीस मिनिटे होतात. ती त्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून, पहिल्या रांगेतल्या माणसाच्या फेट्यातून, कोणाच्या तरी खोकल्यातून तयार होतात आणि त्याच रात्री संपतात. साबळ्यांनी लिहिलेले जे आपण वाचतो ते मोजमापाच्या फडक्यासारखे आहे, शिवलेला अंगरखा नव्हे. तेव्हा ज्यांच्या घरी जावळीकरांच्या वडिलांसारखी नक्कल करून दाखवणारी माणसे अजून आहेत, त्यांनी भ्रमणध्वनी समोर ठेवून ती टिपून घ्यावी. गाणी मिळतील, ती कोठे जात नाहीत.

काल भाचीला घेऊन बसलो. तिने उत्तर खोडून तीन नावे लिहिली: कवी, संगीतकार, गायक. मग तिने विचारले, "मामा, मग शाहिरांनी स्वतः काय लिहिलं?" मी 'आंधळं दळतंय' असे नाव सांगितले. तिला म्हण माहीत नव्हती, त्यामुळे मी पुढे बोलेन म्हणून ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मी मुद्दामच थांबलो. शेवटी तिनेच विचारले, "आणि पीठ?"